काळ्या पडद्यावरचा मेनू कशात बांधावा?

केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या, माऊसविना वापरायच्या मेनूंविषयी या वेळी मराठवाड्यातून चार पत्रे आली. चारही पत्रांतील अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न (लातूर) : बाजार समितीच्या आवारात आमचे आडतीचे दुकान आहे. वडिलांच्या काळात ओळखीच्या एकाने डॉसवर लिहून दिलेला हिशोबाचा प्रोग्रॅम अनेक वर्षे चालला. नवा संगणक घेतला आणि तो सुरूच होईना. आता मी स्वतःच लिनक्सवर नवी व्यवस्था उभी करतो आहे. आवक नोंदवणे, शेतकऱ्याची पट्टी काढणे, हमाली-तोलाईचा हिशोब, खरेदीदारांची उधारी आणि रात्रीचा बॅकअप अशी मोजकी कामे आहेत आणि प्रत्येकासाठी छोटी स्क्रिप्ट तयार आहे. आमचे मुनीम साठी ओलांडलेले आहेत. त्यांना माऊस नको; पूर्वीसारखा आकडा दाबला की काम सुरू व्हावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. शोधले तर पंधरा-वीस साधनांची नावे मिळाली. त्यांतले कोणते घ्यावे?

उत्तर : ‘आकडा दाबला की काम सुरू व्हावे’ हे आपल्या पत्रातील वाक्य फार मोलाचे आहे, कारण साधन कोणते घ्यायचे याचा निम्मा निर्णय त्यातच झालेला आहे. म्हणून ती पंधरा-वीस नावे तूर्त बाजूला ठेवावीत.

त्याआधी जुन्या प्रोग्रॅमविषयी थोडेसे. तो बंद पडला यात त्याचा दोष नाही. डॉसवरचे असे प्रोग्रॅम बहुधा १६ बिटांचे असत, आणि ६४ बिटांचे विंडोज १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवीतच नाही. डॉसबॉक्समध्ये तो कदाचित चालेलही. परंतु ते साधन मुळात जुन्या खेळांसाठी तयार झालेले आहे आणि त्याच्या भरवशावर रोजच्या पैशाचा हिशोब सोपवणे आम्हाला योग्य वाटत नाही. मात्र कपाटात जुन्या फ्लॉपी किंवा सीडी असतील आणि त्यांत पीआरजी नावाने संपणाऱ्या फायली सापडल्या, तर त्या रद्दीत घालू नयेत. प्रोग्रॅम क्लिपरमध्ये (डॉसच्या काळातील हिशोबाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषेत) लिहिलेला असेल, तर हार्बर नावाचा मुक्त कंपायलर त्याच फायली थोड्याफार दुरुस्तीनंतर लिनक्सवर चालवू शकतो, जुन्या नोंदींच्या डीबीएफ फायलीही वाचतो, आणि ‘प्रॉम्प्ट’ व ‘मेनू टू’ या आज्ञांनी बांधलेला मेनू मुनिमांच्या ओळखीच्या रूपातच परत उभा राहतो. प्रोग्रॅम फॉक्सप्रोचा असेल तर हा रस्ता तितका सरळ नाही, कारण फॉक्सप्रोच्या पुष्कळशा आज्ञा क्लिपरमध्ये नव्हत्याच.

आता नव्या मेनूकडे वळू. सहा-सात पर्यायांच्या मुख्य मेनूसाठी कोणतेही वेगळे साधन घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पडदा पुसावा, पर्यायांच्या ओळी छापाव्यात, बॅशच्या (लिनक्सवर टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे शेलच्या) ‘रीड’ या आज्ञेला एकच अक्षर वाचायला सांगावे आणि ‘केस’ने त्या अक्षराप्रमाणे आपली स्क्रिप्ट बोलवावी; हे सारे तीस-चाळीस ओळींत होते आणि एंटर न दाबता काम सुरू होते. बॅशमध्ये ‘सिलेक्ट’ ही तयार आज्ञाही आहे, पण तिच्यात आकड्यानंतर एंटर दाबावा लागतो आणि पर्याय किती स्तंभांत मांडायचे हे ती स्वतःच ठरवते, त्यामुळे मुनिमांच्या डोळ्यांना रोज एकाच जागी दिसणारी ओळ त्यात हमखास मिळेल असे नाही. ज्याला पंचवीस वर्षे ‘तिसऱ्या ओळीवर पट्टी’ असे हातानेच पाठ झाले आहे, त्याच्यासाठी ओळीची जागा बदलू न देणे हीच मोठी सोय आहे.

साधनाची गरज पडते ती मेनूच्या आत गेल्यावर. आवक नोंदवताना शेतकऱ्याचे नाव, गाव, माल, कट्टे, वजन आणि भाव हे सर्व एका पडद्यावर खालीवर जाऊन भरता आले पाहिजे. येथे स्क्रिप्टमधून चौकटी व याद्या दाखवणारी व्हिपटेल आणि डायलॉग अशी दोन साधने समोर येतात. व्हिपटेल डेबियन व उबुंटूवर बहुधा आधीपासून असते (रास्पबेरी पायचा रास्पी-कॉन्फिग हा मेनू त्यावरच उभा आहे), तर डायलॉग वेगळे बसवावे लागते. तरीही आपल्या कामाला डायलॉगच घ्यावे, कारण अनेक रकान्यांचा फॉर्म आणि तारखेसाठी दिनदर्शिका या दोन गोष्टी डायलॉगमध्ये आहेत आणि व्हिपटेलमध्ये नाहीत. शिवाय डायलॉगच्या यादीत १ ते ९ हे आकडे दाबले की निवडपट्टी थेट त्या ओळीवर जाते. मग फक्त एंटर उरतो. त्याची एक मर्यादा मात्र आधीच सांगून ठेवावी लागेल. फॉर्म भरला जात असताना डायलॉग वजनाच्या रकान्यात अक्षर टाकू नका असे सांगत नाही. ‘ओके’ झाल्यावरच सर्व मजकूर एकदम आपल्या हाती येतो. तेव्हा तपासणी आपण करावी, आणि चूक निघाल्यास भरलेल्या मजकुरासकट तोच फॉर्म पुन्हा समोर ठेवावा. नाव-गाव दुसऱ्यांदा टाइप करायची वेळ आली तर मुनीम दुसऱ्याच दिवशी वही काढतील, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही.

डायलॉग हाती घेणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकाच ठिकाणी अडतो. प्रोग्रॅमचा मजकूर बाहेर पडण्याचे दोन प्रवाह असतात. हे साधन चौकट रंगवते ‘स्टँडर्ड आउटपुट’वर आणि निवडलेले उत्तर देते ‘स्टँडर्ड एरर’वर, त्यामुळे उत्तर चलात (स्क्रिप्टमध्ये किंमत साठवण्याच्या नावात) पकडू पाहिले की चौकटच गायब होते आणि चल मात्र भलत्याच चिन्हांनी भरतो. दोन्ही प्रवाहांची तिसऱ्या क्रमांकाच्या वाटेने अदलाबदल करणे, किंवा उत्तर तात्पुरत्या फायलीत वळवून नंतर वाचणे, हे त्यावरचे उपाय आहेत. दुसरा उपाय थोडा गावंढळ दिसतो, पण सहा महिन्यांनी स्वतःची स्क्रिप्ट उघडल्यावर तोच लवकर समजतो.

दुसरी दक्षता परतीच्या संकेतांकाची, म्हणजे साधन संपताना स्क्रिप्टला देते त्या अंकाची. ‘ओके’ला ०, ‘कॅन्सल’ला १ आणि एस्केपला २५५ असा अंक परत येतो. तो न तपासता केवळ उत्तर रिकामे आहे की भरलेले एवढेच पाहिले, तर ‘कॅन्सल’ करणारा आणि रिकामा रकाना मुद्दाम सोडणारा यांत फरक उरत नाही. प्रस्तुत लेखकाने पूर्वी एका पतसंस्थेसाठी असाच मेनू केला होता. त्यात ८ वर दिवसअखेर आणि ९ वर वर्षअखेर ठेवली होती, आणि ‘खात्री आहे का?’ या पाटीवर निवडपट्टी आधीच ‘होय’वर उभी असे. एका संध्याकाळी घाईत बोट ९ वर पडले, सवयीने एंटरही दाबला गेला, आणि डिसेंबरातच वर्ष मिटले. बॅकअप होता म्हणून निभावले. तेव्हापासून धोक्याचा पर्याय आम्ही शेजारच्या आकड्यावर ठेवत नाही, आणि पाटीला ‘डिफॉल्ट-नो’ हा पर्याय देतो, म्हणजे नुसत्या एंटरने ‘नाही’च निवडले जाते. हा पर्याय डायलॉग व व्हिपटेल या दोन्हींत आहे.

कंट्रोल-सी दाबून मेनू मोडला की समोर उघडा शेल येतो, हेही टाळायला हवे. मुनिमांच्या लॉगिनच्या प्रोफाइल फायलीत शेवटी ‘एक्झेक’ने मेनू सुरू करावा, म्हणजे मेनू संपताच लॉगिनही संपते, आणि मेनूच्या आरंभी ‘ट्रॅप’ने तो संकेत अडवावा. खरेदीदारांची यादी शंभरावर गेली असेल तर तेवढ्या एका कामासाठी एफझेडएफ हे यादीत शोधण्याचे साधन पाहावे. नावाची दोन-तीन अक्षरे टाइप करताच यादी आकसत जाते, ही सोय डायलॉगच्या लांबलचक यादीत नाही.

प्रत्येक कामाची स्क्रिप्ट वेगळी ठेवण्याचा आपला निर्णय योग्य आहे आणि तो मोडू नये. मेनूने फक्त हाक मारावी. पट्टीचा हिशोब मेनूच्या फायलीत कधीही शिरू देऊ नये. उद्या आपल्याला दुसरे साधन आवडले तर बदलावी लागेल ती तेवढी एक फाईल.

प्रश्न (नांदेड) : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चौघांच्या गटाने प्रकल्प म्हणून पायथनमध्ये अक्षरी मेनूंची एक व्यवस्था करायची ठरवले आहे. आमच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, पण प्रयोगशाळेत विंडोज आहे आणि तिथे इंटरनेट नाही. कर्सेस, टेक्स्चुअल की आणखी काही? गटातला एक जण गो किंवा रस्ट शिकू या म्हणतो.

उत्तर : कर्सेस आणि टेक्स्चुअल ही दोन्ही अक्षरी पडदा रंगवण्याची साधने. त्यांपैकी पायथनच्या प्रमाण ग्रंथालयातले (पायथनसोबतच मिळणाऱ्या संचातले) कर्सेस विंडोजवर येत नाही. त्यासाठी विंडोज-कर्सेस हे वेगळे पॅकेज बसवावे लागते. टेक्स्चुअल आणि प्रॉम्प्ट-टूलकिट दोन्हीकडे चालतात, पण तीही बाहेरून आणावी लागतात. इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेत हे अशक्य नाही. घरी विंडोजच्याच संगणकावर, पायथनची तीच आवृत्ती ठेवून, ‘पिप डाउनलोड’ने सर्व पॅकेजे एका फोल्डरमध्ये उतरवावीत आणि पेनड्राइव्हवरून ‘नो-इंडेक्स’ या पर्यायासह बसवावीत. लिनक्सच्या लॅपटॉपवर उतरवलेले पॅकेज विंडोजवर चालेल असे गृहीत धरू नये. सादरीकरणाच्या सकाळी हे कळले तर फार उशीर झालेला असतो.

कर्सेस आणि टेक्स्चुअल यांतला फरक केवळ जुन्या-नव्याचा नाही. कर्सेस १९८० च्या सुमारास बर्कली येथे केन अरनॉल्ड यांनी तयार केले, तेव्हा टर्मिनलची जोडणी इतकी संथ होती की पूर्ण पडदा पुन्हा पाठवणे परवडत नसे. म्हणून आधीचा पडदा आणि हवा असलेला पडदा यांची तुलना करून जेवढी अक्षरे बदलली तेवढीच पाठवायची, ही त्यामागची मूळ कल्पना. मोबाइलच्या अडखळत्या जोडणीवरून दूरच्या संगणकात शिरून काम करणाऱ्याला ती काटकसर आजही जाणवते. टेक्स्चुअलमध्ये याउलट बटणे, तक्ते, सरकणाऱ्या याद्या आणि स्टाइलशीट हे सारे तयार मिळते. कर्सेसमध्ये शंभर ओळी लिहून जो तक्ता उभा राहतो, तो तिथे दहा ओळींत होतो.

आपला प्रकल्प शिकण्यासाठी आहे की कोणी तरी रोज वापरण्यासाठी, हे चौघांनी आधी ठरवावे. शिकण्यासाठी असेल तर कर्सेस घ्यावे आणि त्याच्या खोड्या अंगावर घ्याव्यात. दोन खोड्या तर पहिल्याच आठवड्यात भेटतील. पडद्याच्या अगदी उजव्या-खालच्या कोपऱ्यात अक्षर लिहिले की ते उमटते, पण कर्सरला पुढे जायला जागा नसल्यामुळे पायथन चूक दाखवून थांबतो. आणि प्रोग्रॅम असा मध्येच कोसळला की टर्मिनल विचित्र अवस्थेत राहते, टाइप केलेले दिसेनासे होते. त्यावर ‘रॅपर’ या तयार फलनातून प्रोग्रॅम सुरू करणे हा कायमचा उपाय, आणि न दिसता ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबणे हा तात्पुरता. एस्केप दाबल्यावर प्रतिसाद सुमारे एक सेकंद उशिरा येतो, ही मात्र चूक नव्हे. बाणाच्या व फंक्शनच्या कळा एस्केपनेच सुरू होणारी अक्षरमाला पाठवत असल्यामुळे एनकर्सेस (कर्सेसचा लिनक्सवरचा अवतार) पुढे काही येते का याची वाट पाहते, आणि ती मुदत मुळात १००० मिलिसेकंदांची असते. ती कमी करता येते.

रोज वापरायचे असेल तर टेक्स्चुअल. गोमधले बबल टी आणि रस्टमधले राटाटुई ही दोन्ही चांगली साधने आहेत. त्यांचा मोठा फायदा असा की शेवटी एकच चालवण्याजोगी फाईल हाती येते आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर काहीही बसवावे लागत नाही. परंतु भाषा नवी, साधन नवे आणि मुदत एका सत्राची, असे झाले तर नाकापेक्षा मोती जड होतो. ज्या भाषेतली चूक चौघांपैकी किमान दोघांना दुरुस्त करता येते, तीच भाषा घ्यावी.

प्रश्न (अंबाजोगाई) : आमच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीसाठी अक्षरी मेनू केला. इंग्रजीत तो नीट दिसत होता. पर्याय देवनागरीत लिहिल्यावर चौकटीची उजवी बाजू दातेरी झाली, काही ठिकाणी वेलांटीही भलतीकडे गेली. दुसरे साधन घेतले तर हे सुटेल का?

उत्तर : बहुतेक सुटणार नाही, कारण दोष साधनात कमी आणि टर्मिनलमध्ये अधिक आहे. टर्मिनलचा पडदा समान घरांच्या जाळीसारखा असतो आणि एका घरात एक अक्षर ही त्याची मूळ समजूत आहे. देवनागरी त्या समजुतीत मावत नाही. ‘पट्टी’ हाच शब्द घ्या. डोळ्यांना त्यात प आणि ट्टी अशी दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) प, ट, हलन्त, ट आणि दीर्घ वेलांटी असे पाच संकेतांक साठवलेले असतात. आणि ते फायलीत लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्यांचे पंधरा बाइट होतात. बॅशचा ‘प्रिंटएफ’ रुंदी बाइटमध्ये मोजतो, पायथनचे ‘लेन’ संकेतांक मोजते, आणि टर्मिनल तिसराच हिशोब करून घरे अडवते. तिघांची बेरीज जुळत नाही, म्हणून उजवी रेघ प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी पडते. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी व्यंजनाआधी. घरामागून घर भरत जाणारे टर्मिनल ती अदलाबदल करत नाही, म्हणून ‘किर्द’ वाचवत नाही. लिनक्सच्या चित्रविरहित मूळ पडद्यावर तर जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोयच नाही, तेव्हा तिथे देवनागरीचा नाद सोडावा. (डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की अक्षरी पडद्यावर नीट मराठी उमटत असे. ते काम वेगळ्या कार्डाकडे दिलेले होते, म्हणून साध्या प्रोग्रॅमांनाही ते जमे.)

व्यवहारात आपण तीन गोष्टी कराव्यात. उजवी रेघ काढून टाकावी. डावीकडे आकडा, मग एक मोकळी जागा, मग मराठी पर्याय, आणि त्या ओळीत त्यापुढे काहीही नाही. मोजणी चुकली तरी मोडायला तिथे काही उरत नाही. टर्मिनल बदलून पाहावे. एमएलटर्म हे भारतीय लिप्यांचा विचार करून केलेले आहे. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तक्रारी तिच्याच येतात. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असेल तर आकड्याची कळ दाबल्यावर इंग्रजी 1 ऐवजी देवनागरी १ येऊ शकतो आणि मेनू ‘चुकीचा पर्याय’ म्हणून हट्ट धरतो. मेनूने दोन्ही लिप्यांतले आकडे स्वीकारलेच पाहिजेत.

पुस्तकांची व सभासदांची नावेही मराठीतच टाइप करायची असतील, तर मात्र अक्षरी पडद्याचा आग्रह धरू नये. त्याच संगणकावर चालणारे साधे वेबपान करावे, त्यातही आकड्यांनी चालणारा मेनू ठेवता येतो, आणि अक्षरे जुळवण्याचे काम ब्राउझर उत्तम करतो.

प्रश्न (जालना) : दुकानातल्या लिनक्सच्या संगणकावरचा मेनू आम्ही विंडोजवरून पुट्टीने (दुसऱ्या संगणकाचा अक्षरी पडदा उघडणाऱ्या प्रोग्रॅमने) वापरतो. उजवीकडच्या नंबर पॅडवरचे आकडे चालत नाहीत, वरच्या ओळीतले चालतात. चौकटीच्या जागी एल, क्यू, एक्स अशी अक्षरे दिसतात. साधन बदलावे का?

उत्तर : बदलू नये. मेनू सुरू होताना त्यामागचे एनकर्सेस टर्मिनलला ‘ॲप्लिकेशन कीपॅड’ अवस्थेत नेते, आणि त्या अवस्थेत पुट्टी नंबर पॅडवरून आकड्याऐवजी एस्केपने सुरू होणारी अक्षरमाला पाठवते. पुट्टीच्या ‘टर्मिनल’खालच्या ‘फीचर्स’ या पानावर ही अवस्था बंद करण्याची चौकोनी खूण आहे, ती करावी. चौकटीसाठी लिनक्सच्या बाजूला ‘एनकर्सेस नो यूटीएफ८ एसीएस’ या पर्यावरण-चलाला १ ही किंमत द्यावी. नावातले शब्द मोठ्या लिपीत आणि अधोरेषेने जोडून लिहायचे असतात. मग रेघा युनिकोडमधून येतात आणि पुट्टीला त्या समजतात. नंबर पॅडचा बदल केल्यावर ‘सेशन’ पानावर परत जाऊन आपल्या जोडणीचे नाव निवडावे आणि ‘सेव्ह’ दाबावे, नाहीतर पुढच्या वेळी पुट्टी उघडल्यावर आकडे पुन्हा बंद झालेले असतील.